दूरची काच

जालन्याच्या चष्मेवाल्या करीमसाबनं चतुराबाईच्या नाकावर चढवलेली लोखंडी चौकट इतकी जड होती, की वेसण घातल्यावर बैलाला कसं वाटत असेल ते तिला त्या दिवशी कळलं. चौकटीच्या उजव्या खाचेत तो एक काच सरकवायचा, काढायचा, दुसरी घालायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, "अम्मा, ये अच्छी, के ये?" रस्त्यापलीकडं तांबटाचं दुकान होतं. दारात घागरी टांगलेल्या होत्या. एका काचेतून त्यांचा नुसता लाल गोळा दिसे, दुसरीतून घागर न घागर सुटी होई, आणि मग एक काच अशी आली की घागरीच्या पोटावरचे हातोडीचे ठोकेसुद्धा उमटून आले. चतुराबाईच्या अंगावर काटा आला. पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. हा माणूस तीच ती काच काढून पुन्हा घालतोय आणि आपली परीक्षा बघतोय, असं तिला वाटलं. म्हणून पुढच्या काचांना तिनं मुद्दाम उलटी उत्तरं दिली. करीमसाब हसला आणि पुन्हा पहिल्या काचेपासून सुरू झाला.

तिचा लेक धर्मराज बाकावर बसून जांभया देत होता. आईचा स्वभाव त्याला नवा नव्हता. तो रांगत होता तेव्हा बाप गेला, आणि ज्या भाऊबंदांनी चतुराबाईच्या डोक्यावर हात ठेवून धीर दिला, त्यांनीच पुढच्या पेरणीला बांध आत सरकवला. तेव्हापासून ती बाजारात माप दोनदा घालून घ्यायची, दुधात बोट बुडवून बघायची आणि कोणी फार गोड बोललं की पदर सावरून उठायची. त्यात तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आधी चुलीच्या धुरासारखं, मग ताकासारखं, मग काहीच नाही. जिला कोणाचा भरवसा नाही, तिलाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी घर चालवायची पाळी आली. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पौषात जालन्याच्या दवाखान्यात झाली. डावा पुढच्या हिवाळ्यात करू, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. डोळ्याच्या आतलं भिंगच काढून टाकलं होतं. आता त्याच्या बदली बाहेरून भिंग लावायचं, मसुरीच्या दाण्यासारखं मधे फुगलेलं आणि कडेला निमुळतं.

चौकट निवडायची वेळ आली तेव्हा तिनं मोठी मागितली. त्यांच्या गावच्या पाटलाचा चष्मा चांगला टोलेजंग होता. करीमसाबनं बारकी, गोल, नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी चौकट पुढं केली आणि समजावलं, की एवढ्या जाड नंबराला चौकट लहानच पाहिजे. काच जितकी रुंद, तितकी मधे जाड होते, नाकाला खड्डा पाडते आणि कडेला सगळं लाटेसारखं हलतं. चतुराबाईच्या मनानं घेतलं, हा काच वाचवतोय. धर्मराजनं हातात दोन्ही देऊन वजन करायला लावलं तेव्हा कुठं ती बारकीला तयार झाली.

मग त्यानं सांगितलं, की असे दोन चष्मे लागतील. बिनभिंगाचा डोळा आपण होऊन जवळचं-दूरचं करू शकत नाही. रस्ता, शेत, दार, माणूस बघायला एक काच. आणि शिवणं, निवडणं, ताटातलं बघायला दुसरी, याहून जाड.

"एका डोळ्याला दोन चष्मे," चतुराबाई म्हणाली. "मंग तिसरा झोपायला लागत असंल."

धर्मराज दोन्ही घ्यायला तयार होता, पण ती हटून बसली. एकच घेणार. करीमसाबनं विचारलं, घरात लहान मूल आहे का? आहे, नात आहे, अजून चालत नाही, धर्मराज म्हणाला.

"तो अम्मा, पास का लेओ," करीमसाब म्हणाला. "बच्चा तो गोद में बैठता है."

त्याला काय ठाऊक, की ज्या दिवशी सुगंधा जन्मली त्या दिवसापासून चतुराबाईच्या मनात एकच होतं, या पोरीचं तोंड बघायचं. बोटांना ती पोर सगळी पाठ होती. टाळूवरची धडधड, मानेची वळी, हिरडीतून टोचणारे दोन दात. तोंड मात्र अंधारात होतं. पण त्याच अंधारात कोठीचं दार वाजायचं, पायल्या भरल्याचा आवाज यायचा, कोणीतरी अंगणात हळू बोलायचं, आणि विचारलं की सून म्हणायची, "काही न्हाई आत्याबाई."

"गोदीतलं हाताला कळतं," ती शेवटी म्हणाली. "जिथं हात पोचत न्हाई, तिथलं मला पाह्यचंय. आन् एकदा दूरचं दिसाया लागलं का पोर बी दिसंल. ती काय कायम गोदीतच बसून राह्यती?"

दुसऱ्या दिवशी चष्मा तयार झाला. उजवीकडं ते फुगीर भिंग, डावीकडं साधी काच. तो कानांवर चढवताना करीमसाब म्हणाला, "अम्मा, इसमें हर चीज बडी दिखेगी. और पास दिखेगी. शुरू शुरू में हाथ चूकेगा. बाजू का नहीं दिखेगा, तो गर्दन घुमाके देखना." चतुराबाईनं मान हलवली. ज्याचा माल, तो मोठाच दाखवणार. हलवाई पेढा मोठा म्हणतो, कासार बांगडी मोठी म्हणतो, आणि हा म्हणतो सगळंच मोठं.

जालना ते अंबड मोटार आणि तिथून पुढं घरची बैलगाडी. वेचणी संपलेल्या कपाशीच्या पळाट्या, बांधावरची बोर, खांद्यावर घोंगडं टाकून मेंढरांमागं चाललेला कडूबा धनगर, सगळं एवढं लख्ख होतं की डोळ्याला पाणी आलं. फक्त कडेची एक गंमत तिच्या ध्यानात आली. कडूबा समोरून चालत आला, गाडीच्या बाजूला आला आणि एकदम नाहीसा झाला, आणि पुन्हा अगदी कानाजवळ उगवला. चतुराबाई दचकली. धनगर कुठं लपून आला, असं तिनं विचारलं, तर धर्मराज नुसता हसला.

घराच्या उंबऱ्यात सून भाकरतुकडा घेऊन उभी होती. दुर्गा या घरात आली तेव्हा चतुराबाईचे डोळे ताकासारखे झालेले होते. सून म्हणजे तिला एक चाहूल होती, बांगड्यांचा आवाज होता, हातात ठेवलेला तांब्या होता. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरगी काडीसारखी आहे. आणि इथं उंबरा भरून एक धिप्पाड बाई उभी, अंगावर कोरं करकरीत निळं लुगडं, अस्मानी निळं, की बघून डोळा दिपावा. चतुराबाईनं इतका निळा रंग कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिनं पहिला प्रश्न केला, "लुगडं कवा घेतलं?"

"लग्नातलंच हाय आत्याबाई," दुर्गा म्हणाली.

खोटं, चतुराबाईच्या मनानं लगेच नोंदवलं. दुर्गानं तिच्यावरून तुकडा ओवाळला आणि बाजूला फेकला. तोही चांगला पाव भाकरीएवढा. ओवाळून टाकायला एवढा मोठा तुकडा लागतो, हे चतुराबाईला आपल्या सासूनं शिकवलं नव्हतं.

आणि मग सुगंधा. दुर्गानं पोरीला समोर धरलं. चतुराबाईनं पुढं होऊन पाहिलं, तोवर पोरीनं ओठ काढला, मान फिरवली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. पोरीचं काय चुकलं? आजीच्या तोंडावर एक डोळा होता तसाच होता आणि दुसरा, काचेआड, म्हशीच्या डोळ्याएवढा झाला होता. पण चतुराबाईला स्वतःचा तो डोळा कुठं दिसत होता? तिला एवढंच दिसलं, की जी पोर आंधळ्या आजीच्या कुशीत गपगार निजायची, ती आता तिच्याकडं पाठ करतेय. जालन्याला गेलो तेवढ्यात पोरीला कोणी काय शिकवलं?

पोर दूर असली की तोंड फिरवायची. आणि झोपलेली उचलून मांडीवर घ्यावी, तर मांडीवरचं सगळं गढूळ पाण्यासारखं. नाक कुठं, डोळे कुठं, काही कळायचं नाही. करीमसाबचं म्हणणं तिला आठवलं, पण तोंडानं कबूल करायची तिची तयारी नव्हती.

दूरचं मात्र दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते काही बरं नव्हतं. ओसरीतल्या खांबाला टेकून ती बसायची. तिथून चूल सरळ नजरेत यायची. दुर्गा भाकरी थापायची तेव्हा चतुराबाई डोळा न हलवता बघायची. परातीत ती फिरत जायची, फिरत जायची आणि तव्यावर पडायची तेव्हा सुपाएवढी झालेली असायची. पीठ तर चतुराबाई स्वतःच्या हातानं मापट्यानं काढून द्यायची, आंधळी होती तेव्हाही आणि आताही. त्या मापट्यात एवढाल्या भाकरी होतात कशा? मग ताट पुढं यायचं. ताटातलं दिसत नव्हतं म्हणून ती पूर्वीसारखीच बोटांनी चाचपायची, आणि बोटांना कळायचं, भाकरी नेहमीएवढीच आहे, हाताच्या तळव्याच्या जरा बाहेर जाणारी.

हे कोडं तिनं फार वेळ ठेवलं नाही. तव्यावर सुपाएवढी आणि माझ्या ताटात तळव्याएवढी. म्हणजे मोठ्या त्यांना आणि बारक्या मला. दोन वर्षं हेच चाललं असणार, आणि मी चाचपून चाचपून म्हणत होते, सुगरण आहे पोरगी. ते तिनं दुर्गाला तोडून बोलूनही दाखवलं.

एकदा संशयानं पाय आत टाकला की तो घरभर हिंडतो. तांब्या जवळ ठेव म्हणावं, दुर्गानं ठेवावा, आणि हात घालावा तर हात हवेत. तांब्या डोळ्याला जवळ दिसायचा आणि असायचा पलीकडं. आधी तो न बघता हाताला लागायचा; आता बघून लागत नाही, म्हणजे सरकवून ठेवते. सून अंगणातून येताना दिसायची, मधेच नाहीशी व्हायची आणि एकदम शेजारी उभी. चोरपावलानं येते. दुधाचा पेला तोंडाला लावलेली दिसली तर पेला कसला, चरवीच ती. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध लागतं, हे चतुराबाईला काय कळत नव्हतं? दूध तर तिनंच सांगून सुरू केलं होतं. पण चरवीभर?

शेजारची गोजरबाई रोज तिसऱ्या प्रहरी यायची. चष्मा बघायला म्हणून आली आणि बातम्या घेऊन जायला लागली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, डोळे आले हे देवानं बरं केलं, न्हाई तर कणग्या रिकाम्या झाल्यावर कळलं असतं.

कणगी हा शब्द चतुराबाईच्या काळजात जाऊन बसला.

माजघरात बियाण्याची कणगी होती. बाजरी, मूग, तूर, पुढच्या पेरणीचं सगळं त्या एका कणगीत वेगवेगळ्या गाडग्यांत घालून ठेवलेलं. या घराची रीत अशी, की दिवाळीनंतर बियाणं भरून झालं की कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपायचं, आणि लिंपण ओलं असतानाच घरातल्या थोरल्या बाईनं त्यावर उजव्या हाताचा पंजा उठवायचा. तो पंजा म्हणजे कुलूप. पेरणीचा दिवस येईपर्यंत, घरात उपासमार आली तरी, तो मोडायचा नाही. चतुराबाईनं तरुणपणी विधवा झाल्या साली पहिल्यांदा पंजा उठवला होता. यंदाचाही तिनंच उठवला होता, दुर्गानं मनगट धरून हात नेमका जागी नेला होता.

दुपारी धाब्याच्या सवण्यातून, छताला ठेवलेल्या उजेडाच्या भोकातून, ऊन सरळ माजघरात उतरतं. गोजरबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चतुराबाई त्या उन्हात कणगीसमोर, पण चांगली लांब, दाराशी उभी राहिली. लिंपण शाबूत होतं. मधोमध पंजा होता. केवढा तो पंजा. लांब बोटं, रुंद तळवा, एखाद्या नांगऱ्या गड्याचा असावा तसा. आपला हात असा? बायकांत हिचा हात बारका म्हणून कासाराला कायम पोरीच्या मापाच्या बांगड्या शोधाव्या लागत.

त्या दिवशी नेमकी दुर्गाच्या माहेरची गाडी यायची होती. शिमगा जवळ आला होता, आणि तिचे वडील पुंजाराम तिला चार दिवस घनसावंगीकडं घेऊन जाणार होते. ते ठरलेलंच होतं. चतुराबाईला मात्र आता त्या गाडीतसुद्धा पोती दिसायला लागली.

"दुर्गे," तिनं हाक मारली. "इकडं ये. हा पंजा कोणाचा?"

दुर्गा पोरीला कडेवर घेऊन आली. "तुमचाच की आत्याबाई."

"माझा हात एवढा हाय? हा गड्याचा हात हाय. कणगी फोडली, बियाणं काढलं आन् परत लिंपून वर पंजा उठवला. आंधळीला काय दिसणार म्हणून. कोणाच्या हातानं लिंपलं? तुझ्या बापाच्या?"

पोर दुर्गाच्या मंगळसूत्राशी खेळत होती, तिचा हात दुर्गानं हळूच सोडवला.

"भाकरीवरून बोललात, मी गिळलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच चतुराबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "लुगड्यावरून बोललात, ते बी गिळलं. माझ्या बापाचा हात दुसऱ्याच्या बियाण्याला लागला म्हणता, हे मी गिळणार न्हाई. आज सणाला चालल्ये व्हते. आता पोरीला घेऊन जाते ती जाते. तुमचा लेक न्याया आला तरी यायची न्हाई, तुम्ही सोता सांगावा धाडल्याबिगर."

चतुराबाईनं कडेवरच्या पोरीकडं बघितलं. पोरीनं सवयीनं मान फिरवली.

"जायच्या आधी एक करा," दुर्गा म्हणाली. "त्या पंजावर हात ठेवा. तुमच्या डोळ्याला काय दिसून राह्यलंय मला न्हाई कळत. पर दोन वर्सं तुमचा हात कदी चुकला न्हाई. तो काय म्हणतो ते ऐका, मंग मला काय बोलायचं ते बोला."

चतुराबाई कणगीकडं गेली. जवळ जाईल तसं लिंपण धुरकट झालं आणि पंजा त्यात विरला. पहिल्यांदा हात लिंपणाच्या अलीकडंच थांबला, हवेत. मग तिनं डोळे मिटले, जसे दोन वर्षं मिटल्यासारखेच होते, आणि हात पुढं नेला.

आपल्या वहाणेत आपला पाय जातो तसा हात त्या खाचेत बसला. अंगठा अंगठ्यात. मधलं बोट मधल्या बोटात. कापणीच्या विळ्यानं तिची करंगळी कधीकाळी वाकडी झाली होती. ती वाकडी करंगळी आपल्या वाकड्या घरात जाऊन निजली. कुठं सुतभर जागा उरली नाही.

मग तिनं डोळे उघडले. हात काढला तशी लिंपणाची एक खपली गळाली. तो हात तिनं लांब करून काचेसमोर धरला. तिच्या दंडाच्या टोकाला एक धूसर, थोराड, गड्यासारखा हात होता. तिनं बोटं हलवली. ती हलली. हात पालथा केला, उताणा केला. हाच हात. अशीच भाकरी असणार, असाच पेला, असाच ओवाळलेला तुकडा. हर चीज बडी दिखेगी, असं तो माणूस तोंडानं सांगत होता, आणि आपण म्हटलं, मालाची बढाई मारतोय.

मागं वळून काही बोलावं असं तिला वाटलं, पण दुर्गा तिथं नव्हती. पंजा जुळला म्हणून बोललेले शब्द परत येत नाहीत. ती आतल्या खोलीत कपड्यांचं गाठोडं बांधत होती. धर्मराज रानात होता. घरात नुसता कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

चतुराबाई ओसरीत येऊन खांबाला टेकली. थोड्या वेळानं दुर्गा आली आणि पोरीला तिच्या मांडीवर ठेवून गेली, गाठोड्याला दोन हात लागतात म्हणून. रोजच ठेवायची, आजही ठेवली. हे चतुराबाईला त्या पंजाहून जास्त लागलं. एवढं बोलल्यावर मी हिच्या जागी असते, तर पोरीला जमिनीवर ठेवलं असतं, सासूच्या मांडीवर नाही.

सुगंधा आज रडली नाही. तिची नजर त्या चकाकत्या काचेवर पडली होती. ती आजीच्या छातीला धरून उभी राहिली, डुलली आणि लाळेनं ओला झालेला हात तिनं चष्म्यावर टाकला. चतुराबाईनं तोंड मागं घेतलं, पण पोरांची मूठ एकदा बसली की बसली. तिनं खाली ओढलं. चष्मा नाकाच्या दांडीवरून घसरला आणि शेंड्यावर येऊन अडकला.

आणि गढूळ पाणी निवळलं.

आधी पापण्या दिसल्या. एक एक सुटी, काळी, टोकाशी ओली. मग डोळे, भोवती काजळ फासलेलं, एका डोळ्याचं पार कानापर्यंत ओढलेलं. गालावर तीट. नाकावर स्वतःच्याच नखाचा बारीक ओरखडा. तोंड उघडं, लाळेची तार, आणि खालच्या हिरडीत ते दोन दात, जे तिनं बोटानं किती तरी वेळा चाचपले होते, तांदळाच्या कणीसारखे, एक जरा तिरका. तिरका आहे हे बोटाला कळलं नव्हतं.

चतुराबाईनं श्वास धरून ठेवला. हलले तर जाईल, असं तिला वाटलं. पोर तिच्याकडं बघून हसली. आता मोठा डोळा खाली उतरला होता, वरून आजीच्या ओळखीच्या भुवया दिसत होत्या.

कोणासारखी आहे ही? धर्मराजासारखी नाही, त्याचं कपाळ अरुंद. आपल्यासारखीही नाही. हनुवटीला मधोमध एक खळी होती, ती या घरात कोणाला नव्हती.

"दुर्गे," तिनं हाक मारली. "दुर्गे, ये माय इकडं. समोर बस. अशी, जवळ."

दुर्गा दारात आली. सासूचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान मागं टाकलेली, दोन्ही हातांनी पोरीला धरलेलं, असं ते ध्यान बघून ती थांबली. मग समोर येऊन बसली. चतुराबाईनं मान थोडी मागं, थोडी पुढं केली, आणि सुनेचं तोंड काचेत आलं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि ती सुनेचं तोंड पहिल्यांदा बघत होती. हनुवटीला खळी. डोळ्यांखाली काळं. गालाची हाडं वर आलेली. रात्रंदिवस अंगावर पाजणाऱ्या पोरीचं तोंड, कोवळं आणि दमलेलं, आणि आत्ताच रडून धुतलेलं. खांद्यावरचं निळं लुगडं दोन ठिकाणी दंड घातलेलं होतं, टाका न टाका दिसत होता, आणि पदराची कड विरून जाळी झालेली.

चतुराबाईनं त्या टाक्यावरून बोट फिरवलं. बोटाला आणि डोळ्याला पहिल्यांदाच एकच गोष्ट कळत होती.

"लग्नातलंच हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"भाकर खात जा बाई. मोठी थापून खात जा."

दुर्गानं खाली बघितलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुंजारामाची गाडी दाराशी लागली. ते वाकून आत आले, रामराम झाला, चतुराबाईनं दुर्गाला पाणी द्यायला सांगितलं आणि पहिल्यांदाच व्याह्याकडं नीट बघितलं. पाण्याच्या तांब्यावर त्यांचा हात होता, सांध्यांना गाठी आलेला, कामानं चिरलेला. त्या हाताकडं बघून ती ओशाळली, आणि कोणाला काही कळायच्या आत तिनं सुरुवात केली, की पोरीला शिमगा झाला की परत धाडा इवाई, उशीर करू नका. कणगीच्या लिंपणाची एक खपली माझ्या हातानं पडली आहे. ते पुन्हा लिंपायचं आहे.

मग दुर्गाकडं वळून ती म्हणाली, "लिंपण तू कर. आन् पंजा बी आता तूच उठव. माझा हात म्हातारा झालाय, त्याच्यावर सगळ्यांनी का इस्वास ठिवायचा?"

दुर्गानं गाठोडं उचललं, परत ठेवलं, सोडलं आणि त्यातली पोरीची जाड गोधडी काढून खुंटीला टांगली. थंडीची गोधडी. चार दिवसांना ती लागणार नव्हती. चतुराबाईनं ते बघितलं आणि काही दिसलंच नाही असं तोंड केलं.

पोरीला गाडीत बसवायच्या आधी तिनं पुन्हा एकदा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, तोंड मन भरून बघितलं आणि एकाएकी तिच्या कपाळाला आठी पडली.

"त्या करीमसाबाला हे ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "खाली वढलं का जवळचं दिसतं, हे त्याला बराबर ठाऊक व्हतं. मुद्दाम बोलला न्हाई. दुसरा चष्मा खपवायचा व्हता त्याला."

दुर्गाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत राहिले, आणि आई हसतेय म्हणून कडेवरची पोरही तो तिरका दात दाखवून हसायला लागली.